हाताला दिलेली माती

३ मार्च

पोचले एकदाची. बैरुतहून अम्मानपर्यंत विमान, आणि तिथून उत्तरेकडे चक्क भाजीची व्हॅन, कारण हॉस्पिटलची गाडी म्हणे टायर बदलायला गेली होती. मांडीवर कोबीचा गड्डा घेऊन मी परदेशी समाजसेवेला आले. निवृत्त झाल्यापासून इतकं हसू आलं नव्हतं. चालक अर्ध्या वाटेत म्हणाला, सित्त, म्हणजे बाई, तुमच्या वयाच्या बायका नातवंडं सांभाळतात. मी म्हटलं, माझ्या वयाच्या बायका चालकाला समोर बघायलाही सांगतात. मग त्याने समोर बघितलं, आणि उतरताना तोच कोबी मला भेट देऊन गेला.

हॉस्पिटल म्हणजे जुनी मुलींची शाळा. खडूचे फळे अजून भिंतीवर आहेत, त्यांच्यावर डॉक्टर लोक औषधांच्या मात्रा लिहितात. सीमेपलीकडून अधूनमधून धडधड ऐकू येते. कोणी मान वर करत नाही. मीही केली नाही, आम्ही बैरुतकर त्या बाबतीत आधीच शिकून आलेलो असतो.

मुख्य परिचारिका मुंतहा. बाई ठसठशीत आहे. तिने विचारलं की मी किती दिवस टिकणार, कारण आधीचे स्वयंसेवक पोट बिघडेपर्यंत टिकायचे, आणि तोवर त्यांचे फोटो काढून झालेले असायचे. मी सांगितलं, माझं पोट बैरुतचं आहे, पंधरा वर्षांचं युद्ध पचवलंय त्याने. ती हसली. आमचं जमेल.

खोली धुलाईघराच्या वर आहे. खिडकीतून मागचं अंगण दिसतं, एक जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं झाड, पलीकडे हिरवा गहू. छान आहे.

६ मार्च

वर्ग सुरू झाला. आयुष्यभर मी हेच केलं: हात गेलेल्याला बटण लावायला शिकवणं, पाय गेलेल्याला शिलाई मशीनपाशी बसवणं. लोकांना वाटतं ही दयेची कामं आहेत. दया कसली? पोळी एका हाताने तोडता आली नाही तर माणूस चारचौघांत जेवायचं सोडतो, आणि जेवायचं सोडलं की बाकी सगळं सोडतो.

आज सात जण होते. त्यांत इब्तिसाम. बावीस वर्षांची, सीमेपलीकडच्या दराआ शहराजवळच्या खेड्यातली. घर कोसळलं तेव्हा नवरा आणि सासू खाली राहिले. ही आणि तिची तीन वर्षांची सिद्रा वर आल्या. उजवा हात इथे येईपर्यंत वाचला नव्हता, मनगटाच्या वरून काढावा लागला.

सगळ्यांना विचारलं, काय शिकायचंय. कोणी म्हणे मोबाइल दुरुस्ती, कोणी म्हणे सिगारेट पेटवणं. (त्याला मी बाहेर काढला.) इब्तिसाम म्हणाली, वेणी. मुलीची वेणी घालायची आहे. अनाथांच्या समितीची कोणी बाई हॉस्पिटलात येऊन तिला सांगून गेली होती की एका हाताच्या विधवेला पोर सांभाळणं कसं जमणार, अम्मानच्या बालगृहात जागा आहे, विचार कर. इब्तिसाम म्हणाली, मावशी, मुलगी रोज सकाळी वेणी घालून बाहेर आली ना, की कोणी म्हणणार नाही की हिला आई नाही.

समितीच्या त्या बाईचा पत्ता मागितला. मला तिच्याशी बोलायचं आहे.

१२ मार्च

पद्धत ठरवली. एक बट दातांत, एक खुर्चीच्या पाठीला लावलेल्या चिमट्यात, तिसरी बोटांत. सिद्रा क्षणभर स्वस्थ बसत नाही, म्हणून सराव माझ्या केसांवर. आज डोक्याची सालटी निघाली. इब्तिसाम दर ओढीला माफी मागते. मी म्हटलं, माफी मागताना बट तोंडातून सुटते, तेव्हा माफी नंतर एकदम माग.

दुपारी खिडकीतून उम्म गालिबला, म्हणजे गालिबच्या आईला, पाहिलं. ही इथे झाडूपोछा करते, पण गावी मेलेल्या बायकांना आंघोळ घालायचं काम तिचं. हॉस्पिटलात कापलेला हात किंवा पाय घरचे लोक कापडात गुंडाळून नेतात आणि कुठेतरी पुरतात, तशी रीतच आहे. ज्यांचं कोणी नाही त्यांचं उम्म गालिब करते, या मागच्या अंगणात. आज कुणाची तरी बोटं होती. तिने परातीत कोमट पाणी घेतलं, कापूर टाकला, एकेक बोट लहान मुलाचं धुवावं तसं धुतलं, पांढऱ्या कापडात ठेवलं, मातीत दिलं. मग त्या भाकरीएवढ्या ढिगाऱ्याजवळ बसून बराच वेळ काही पुटपुटत राहिली.

मी कॉफी घेऊन खाली गेले. तिने सांगितलं की तिचा गालिब भाकरी आणायला गेला, आणि पुरायला त्याचा बूटसुद्धा मिळाला नाही. मी तिच्याशेजारी बसून मनातल्या मनात एक फ्रेंच प्रार्थना म्हटली, आमच्या ख्रिस्ती शाळेतल्या सिस्टरांनी पाठ करून घेतलेली. देवाकडे दुभाषे असतील.

२० मार्च

आज तोंड सुटलं माझं. तीन नंबरच्या खोलीत नव्वाफ म्हणून एक तरुण आहे, गवंडी, डावा पाय गेलेला, मागेपुढे कोणी नाही. त्याला सकाळपासून जेवण नाही. कालही नव्हतं. मुंतहाला जाब विचारला तर ती म्हणाली, कोण नव्वाफ? मग कपाळावर हात मारला, अरे हो, तो, आणि स्वतः ताट घेऊन गेली. डॉक्टरांची फेरी निघाली ती बाजूच्या खाटेवरून थेट पुढच्या खाटेवर. मधला माणूस हात वर करून बसलेला! मी डॉक्टरांची बाही धरून त्यांना मागे आणलं. ते ओशाळले, झोप झाली नाही म्हणाले.

झोप इथे कोणाचीच होत नाही. म्हणून माणसं विसरायची? संचालकांना खरमरीत पत्र लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं की ते या नव्वाफ प्रकरणात लक्ष घालतील. प्रकरण म्हणे.

२९ मार्च

जमली! वाकडी, सैल, शेपटाला तीन केस सुटलेले, पण वेणी. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सिगारेटवाल्याने शिट्टी मारली, तो म्हणाला, सित्त नुहाद, आता तुम्हाला स्थळं येतील. इब्तिसाम इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. ही हसते तेव्हा कळतं की बावीस वर्षं म्हणजे काहीच नाही.

मग तिने सिद्राला हाक मारली. पोर जमिनीवर मणी मांडत होती, वळली नाही. पुन्हा हाक. नाही. इब्तिसाम जाऊन समोर बसली तर मुलीने मणी उचलून दुसरीकडे मांडले, जणू मध्ये खुर्ची आली. मला कानांची शंका आली. मागे उभं राहून कुजबुजले, बिस्कीट. लगेच वळली.

कान ठीक आहेत. मुलं रुसतात. मी इब्तिसामला तसं सांगितलं.

५ एप्रिल

नव्वाफच्या खाटेवर दुसराच माणूस. नव्वाफ कुठे म्हणून सगळ्यांना विचारलं. मुंतहा शपथ घेऊन म्हणाली की या खाटेवर महिनाभर कोणीच नव्हतं. ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारी बाई माझ्या डोळ्यांत बघत नाही, ही काळजीने बघत होती. माझी काळजी वाटत होती तिला.

तो मला फाटकाबाहेर सापडला, प्लास्टिकच्या खुर्चीवर, कुबड्या मांडीवर. चहावाला त्याच्या पुढ्यातून सगळ्यांना चहा देत होता. मी पेला घेऊन त्याच्या हातात दिला. ऊन कडक होतं आणि त्याची बोटं बर्फासारखी. तो म्हणाला, सित्त, तुम्ही एकट्याच हाक मारता आता. मग म्हणाला की डोळे मिटले की कोणीतरी दोघं त्याला प्रश्न विचारतात, तुझा देव कोण, तुझा धर्म काय, आणि त्याच्या तोंडून आपोआप उत्तरं येतात. कोणीतरी पढवलेली. विचारलं, कोणी पढवली? म्हणाला, बाईचा आवाज आहे. पायाकडून येतो, जो पाय नाही तिकडून.

९ एप्रिल

मागच्या अंगणात गेले. भाकरीएवढे ढिगारे तसेच आहेत. त्यांतले दोन तसे नाहीत. एक माझ्या हाताच्या लांबीचा झालाय. दुसरा पुरुषभर.

उम्म गालिबला तिथेच बसवलं आणि विचारलं. ती रडायला लागली. तिने सांगितलं ते असं. माणूस पुरल्यावर त्याच्या कबरीपाशी बसून त्याला आईच्या नावाने हाक मारतात आणि समजावतात: तू आता मेला आहेस, भिऊ नकोस, देवदूत येऊन विचारतील तेव्हा असं असं सांग. हे मेलेल्या माणसासाठी असतं. हातापायासाठी नसतं, माणूस जिवंत असतो ना. तिला हे ठाऊक होतं. पण गालिबला कोणी हे सांगितलं नाही, तो त्या प्रश्नांपुढे एकटाच उभा असेल, या विचाराने तिला राहवेना. मग बेवारशी पाय हाती आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं, पूर्ण, नाव घेऊन. नव्वाफ, अमुक बाईचा मुलगा, तू मेला आहेस. तेवढ्या रात्री तिला झोप लागली म्हणे. मग दुसऱ्यांदाही केलं. बाकीच्यांना नुसती दुआ.

दुसरा ढिगारा कोणाचा, हे विचारावंच लागलं नाही. हात काढला त्या दिवसांत इब्तिसामने तिला सहज आपल्या आईचं नाव सांगितलं होतं.

आम्ही गावातल्या मशिदीच्या शेखांकडे गेलो. म्हातारे सद्गृहस्थ. ते म्हणाले की धर्मात असलं काही नाही, जिवंताचा अवयव गुंडाळून पुरायचा, बस्स. ही दुःखाने केलेली चूक आहे, देव माफ करेल. उम्म गालिबला त्यांनी पाणी पाजलं. मला बरं वाटलं. फाटकापाशी परत आलो तर खुर्ची होती, कुबड्या होत्या, नव्वाफ नव्हता. चहावाला म्हणाला, कुबड्या कोणाच्या आहेत कोण जाणे, सकाळपासून पडल्यात.

१४ एप्रिल

इब्तिसामला ताट आलं नाही. मी माझं दिलं.

तिला सगळं सांगावं लागलं. तिने शांतपणे ऐकलं. उम्म गालिबला शिव्या दिल्या नाहीत, मी दिल्या असत्या. फक्त म्हणाली, मावशी, म्हणजे सिद्राला वाटतं मी मेले. मग म्हणाली, पण मी तिला हात लावते तेव्हा ती रडत नाही. नुसती शहारते, वारा लागल्यासारखी. झोपेत वेणी घालून घेते.

प्रश्न तिलाही ऐकू येतात. ती उत्तर देत नाही. दात आवळून बसते, ओठातून रक्त येईपर्यंत. म्हणते, मी उत्तर दिलं की झालं.

मी तिला वचन दिलं की मी विसरणार नाही. मी कोणाला दिलेलं वचन मोडलेलं नाही.

१७ एप्रिल

शुक्रवार. पुरुष नमाजाला गेले तेव्हा मी आणि उम्म गालिबने तो ढिगारा उकरला. तो आता उभा केला तर माझ्या छातीपर्यंत येईल एवढा लांब. उम्म गालिब मातीला तोंड लावून ओरडत होती, ती जिवंत आहे, मी खोटं बोलले, वर बसून मसूर खाते आहे, तिला सोड—

हातभर खाली कापड लागलं. पांढरं. तिने गुंडाळलं होतं रुमालाएवढं. हे मोठं होतं.

मी कापडावरून चाचपलं. मनगट. कोपर. कोपर कसं असेल, कोपर तिच्या अंगावर आहे, मी रोज पाहते.

मग खांदा लागला.

आम्ही पुन्हा माती टाकली.

२१ एप्रिल

उम्म गालिब गेली. कोणाला न सांगता. बादली आणि पोछा दाराशी तसाच.

वर्गात आज सहा जण. सातवी खुर्ची कोणाची म्हणून मी ती उचलायला लावली. कोणीतरी माझी बाही ओढली. इब्तिसाम होती. तीच खुर्चीवर बसलेली.

मी तिथेच खाली बसले. ती माझी समजूत घालत होती. मी तिची घालायची सोडून.

२३ एप्रिल

इब्तिसाम. इब्तिसाम. उजवा हात नाही. सिद्राची आई. जिवंत आहे.

सकाळी उठल्यावर हे आधी वाचायचं.

वाचलं. पण चेहरा—

२५ एप्रिल

जेवताना समोर कोणीतरी बसलं होतं. मी दोन ताटं का आणली ते आठवेना. एक परत दिलं. मुंतहा म्हणाली, सित्त, दमलात तुम्ही, घरी जा.

खोलीत कोणी रडतं. खालच्या धुलाईघरातून येत असेल आवाज. तिथे पाइप आहेत.

२८ एप्रिल

बरं वाटतंय. झोप लागली. डोकं हलकं झालं.

ही वही चाळली. कुणा इब्तिसामबद्दल बरंच लिहिलंय, आणि असलं काही भलतंच की वाचून लाज वाटली. उन्हाचा परिणाम. ती मुलगी बिचारी गेली असणार. गेलेल्यांचे चेहरे मी लक्षात ठेवत नाही, या कामात ठेवून चालत नाही, सुरुवातीलाच शिकले ते.

देव तिला शांती देवो.

३० एप्रिल

संताप, संताप. तीन वर्षांची पोर, सिद्रा, आई वारलेली, आणि ती या हॉस्पिटलात वाऱ्यावर! कोणाची जबाबदारी नाही. मुंतहा म्हणते सगळ्यांचीच आहे, म्हणजे कोणाचीच नाही. रोज सकाळी तिची वेणी घातलेली असते, कोण घालतं कोणाला ठाऊक नाही. तीही काय वेणी, वाकडी, सैल. मी आज ती सोडली आणि घट्ट, नीट घातली. पोर रडली. इतकी कधी रडत नाही म्हणे.

त्या समितीच्या बाईला फोन केला. भली बाई निघाली. अम्मानच्या बालगृहात जागा आहे. मी स्वतः घेऊन जाणार. या लोकांच्या भरवशावर सोडलं तर पोर इथेच कोपऱ्यात वाढेल.

२ मे

गाडी आली आहे, टायर बदललेली. सिद्रा माझ्याशेजारी. गाडीत लिहिते आहे, अक्षर हलतंय.

सकाळी पुन्हा तीच वाकडी वेणी. मी सोडायला गेले तर मुलीने दोन्ही हातांनी धरून ठेवली. राहू दिली.

फाटकापाशी एक बाई गाडीला आडवी आली. निर्वासितांच्या छावणीतली असावी. उजवा हात नाही. काचेवर थापा मारते आहे. चालकाला विचारलं कोण ही, तो म्हणतो कुठे कोण, वारा आहे. आंधळा आहे का हा? अंगावर घालेल गाडी—

इथे कोणाचंच कोणावर लक्ष नाही. असल्या बाईला कोणी धरून बसवायला नको? मुलगी घाबरेल.

माझं नाव घेते आहे. मावशी म्हणते. मला भाची नाही. मला कोणीच नाही. हिला माझं नाव—

ओठ फाटलेत तिचे. चावल्यासारखे. काहीतरी सांगते आहे, ऐकू येत नाही. काचेतून नुसतं तोंड हलतं. वचन. वचन म्हणते का?

चालक विचारतो निघू का. उशीर होतोय, तिकडे बाई वाट बघत असेल. म्हटलं, चल.

पळते आहे बरोबर. किती पळते. पायात काही नाही.

सिद्रा गुडघ्यांवर उभी राहिली आहे. मागे बघते. आज पहिल्यांदाच ती कुणाकडे अशी— तिने काचेला तळहात लावला. बाहेरून त्या बाईनेही, आणि मुलगी तिच्याकडे बघून म्हणाली, आई.